हिवतापाआड लपलेली जखम

आधीच सांगून टाकतो, मी अजून पूर्ण बरा झालेलो नाही. दवाखान्यात पडल्या पडल्या मी मोबाइलवर बऱ्या झालेल्या लोकांचे अनुभव पुष्कळ वाचले आणि त्यांचा मला फार राग यायचा. शेवटी सगळे हसत असायचे. कोणी डोंगर चढलेला, कोणी नातीच्या लग्नात नाचलेला. मला एवढंच हवं होतं की कोणीतरी म्हणावं, बाबा रे, तुझ्या पाठीत जे चाललंय ते माझ्याही पाठीत चाललं होतं आणि माझी पाचावर धारण बसली होती. तसं कोणी भेटलं नाही, म्हणून मीच लिहायला बसलो.

मी एसटीचा ड्रायव्हर. राहायला आलापल्लीत. एटापल्ली आणि सिरोंच्याच्या रस्त्यांवर माझी उमर गेली. त्या रस्त्यांवर प्रवासी कमी आणि खड्डे जास्त, असं आम्ही डेपोत म्हणतो. मोहाची पोती, कोंबड्या, तेंदूपत्त्याच्या दिवसांत पुड्यांचे गठ्ठे, सगळं गाडीत चढतं आणि त्या सगळ्याचे हादरे शेवटी ड्रायव्हरच्या माकडहाडात उतरतात. पाठ दुखणं आमच्यात आजार समजला जात नाही. ज्याची दुखत नाही तो नवा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ब्रेक

ज्या दिवशी मला खरं कळलं त्या दिवशी पाठ दुखतही नव्हती. एटापल्लीहून परत येत होतो. वळणावर गुरं आडवी आली. मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली, गायीच्या शिंगापासून हातभर अंतरावर. कंडक्टर मागून म्हणाला, "वा भाऊ, काय कंट्रोल हाय." गाडीतले लोकही खूष झाले. पण मला माहीत होतं की मी ब्रेक बघून दाबला होता. खाली मान घालून आपला पाय कुठे पडतोय ते बघितलं, तेव्हा कुठे तो दाबला गेला. पायाला त्यातलं काहीच कळलं नव्हतं.

गाडी डेपोत लावली, किल्ली दिली आणि बाकावर बसून राहिलो. उजव्या पायातली चप्पल कधी निघून गेली तेही मला कळलं नव्हतं. ती केबिनमध्ये सापडली.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला. कमरेतला एक मणका दुसऱ्यावरून पुढे घसरला होता आणि पायाला जाणारी नस त्यात चेपली होती. ते म्हणाले, "नस मोकळी करू. मग दोन्ही मणके स्क्रू आणि सळ्यांनी बांधून टाकू. हाड एकमेकांत जुळलं की काम झालं. पण जुळायला वर्ष लागेल. तोवर सगळा भार सळ्यांवर. त्या हलल्या तर मणका परत घसरेल, आणि मग पाय परत येईल की नाही सांगता येत नाही."

एवढं मला नीट समजलं. बसचा भार झेलणाऱ्या कमानीचे पाटे बोल्टनं आवळलेले असतात. ते बोल्ट ढिले झाले तर गाडी एका बाजूला झुकते आणि मग कोणाच्या बापाचं ऐकत नाही. माझी पत्नी विमल शेजारी बसली होती. तिनं एकच विचारलं, "चालतील ना हे?" डॉक्टर म्हणाले, चालतील.

डेपोत मित्रांनी निरोप देताना चिडवलं, "भाऊ, आता तुमचं बी गाडीसारखं दरवर्षी पासिंग करावं लागन." मीही हसलो. हसलो म्हणजे, तोंड तसं केलं.

ऑपरेशन चांगलं झालं. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की डॉक्टरांनी काही बिघडवलं. तसं काही नाही. दुसऱ्या दिवशी मला उभं केलं तेव्हा उजव्या तळव्याला फरशी गार लागली. गार लागणं ही किती मोठी गोष्ट आहे ते ज्याचा पाय मेला होता त्यालाच कळेल. मी रडलो. टाके कोरडे होते, निघाले, घरी आलो. निघताना डॉक्टरांनी दोघांनाही बजावलं होतं की ताप आला किंवा जखम ओली झाली तर लगेच फोन करा. विमलनं मान हलवली, मीही हलवली.

दोन रेघा

आता इथे आमच्या भागातली एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुण्या-मुंबईचा वाचक म्हणेल, ताप आला तर फोन का नाही केला?

आमच्याकडे ताप आला की माणूस बोट पुढे करतो. धान पोटरीला आलेलं असतं, डबकी भरलेली असतात आणि घरोघर कोणीतरी गोधडीत कुडकुडत असतो. मग आशाताई येते, बोटाला सुई टोचते, रक्ताचा थेंब एका पट्टीवर टाकते, वरून औषधाचे थेंब सोडते आणि सगळं घर त्या पट्टीकडे बघत बसतं. एक रेघ आली तर हिवताप नाही, दोन आल्या तर आहे. आहे म्हटलं की लोकांना हायसं वाटतं. कडू गोळ्या घ्यायच्या, पेज प्यायची, आठवड्यात शेतावर. एक रेघ आली तर मात्र घर गप्प होतं, कारण मग काय आहे ते कोणालाच माहीत नसतं.

मला घरी येऊन काही आठवडे झाले होते. दुपारी अंगणात पडलो असताना अचानक हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. विमल म्हणाली, "डॉक्टरले फोन करतो मी."

मी म्हटलं, "थांब. शांताबाईले बोलाव आधी."

शांताबाई आमची शेजारीण आणि गावाची आशाताई. तिनं बोट टोचलं. दोन रेघा आल्या, दुसरी तर चांगली ठळक.

"हिवताप हाय भाऊ," ती म्हणाली. "मी तं घाबरलीच होती, म्हटलं ऑपरेशनचं काही झालं का काय."

आम्ही तिघंही हसलो. तो हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. माझ्या मुलीनं, प्रियानं, शांताबाईला चहा करून दिला. विमल परत एकदा म्हणाली, "तरी सांगून ठेवू का डॉक्टरले?" मी म्हटलं, "कायले? रिपोर्ट समोर हाय ना." शांताबाईनंही मान डोलावली. तिचं काही चुकलं नव्हतं, पट्टी खोटं बोलली नव्हती.

गोळ्या घेतल्या, ताप उतरला. मग परत चढला. हिवतापात असंच होतं, असं सगळ्यांनी सांगितलं. पाठ ठणकायला लागली. हिवताप हाडात शिरते, असं सगळ्यांनी सांगितलं. ताप उतरताना घाम यायचा आणि चादर ओली व्हायची, कमरेखाली जरा जास्तच. आजारी माणूस पाठीवर पडून असतो, घाम तिथेच मुरणार, असं मी स्वतःच स्वतःला सांगितलं. एवढं सगळं एकाच आजारात चपखल बसत होतं की शंका घ्यायला जागाच नव्हती.

विमल आष्टीकडची. वैनगंगेच्या काठचं, मासे धरणाऱ्यांचं घर. तिचं नाक आमच्या घरात प्रसिद्ध आहे. बाजारात मासा हातात न घेता ती सांगते की हा काल सकाळचा, हा परवाचा. एका सकाळी ती माझी बनियन धुवायला घेऊन गेली आणि तशीच परत आली.

"अजी, हा घामाचा वास नाई होय."

"मग कशाचा होय? तुले सगळीकडे मासेच दिसतात."

तिनं बनियन बाजूला ठेवली. मला पालथं व्हायला लावलं, मोबाइलनं माझ्या पाठीचा फोटो काढला आणि माझ्यासमोर धरला.

माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, आणि बरंच आहे. फोटोत कमरेवरून खाली एक रेघ गेली होती, ती माझी जखम. वरचा भाग चांगला भरलेला. अगदी खालच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढं एक भोक होतं आणि त्यातून काहीतरी पिवळट ओघळून वाळलं होतं. आजूबाजूची कातडी लाल, चकचकीत. मी तो फोटो बराच वेळ बघितला. ती पाठ दुसऱ्याच कोणाची असावी असं वाटत होतं. विमल तोवर फोन लावत होती.

पालथा प्रवास

प्रियाला शांताबाईकडे ठेवलं. मला जीपच्या मागच्या बाजूला पालथं झोपवलं. आलापल्ली ते चंद्रपूर रस्ता मला तोंडपाठ आहे, पण तो मी कायम काचेतून बघितलेला. पालथं पडून तो पहिल्यांदाच भेटला. आता डावं वळण, आता मोरी, आता आष्टीच्या पुलाआधीचे खड्डे, हे मला आधीच कळायचं आणि मी अंग आवळून वाट बघायचो. ज्याला रस्ता माहीत नाही तो सुखी. जीपवाला बिचारा जपून चालवत होता, आणि मी त्यालाही ओरडत होतो, "गिअर टाक, गिअर टाक."

विमल माझ्या डोक्याशी बसली होती. पुलावर आलो तेव्हा ती नदीकडे बघत होती. ते तिचं माहेर. हात जोडले का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "नाई. काय मागू? आधीच मागून झालं होतं."

जे धुऊन जात नाही

त्याच दिवशी पाठ परत उघडली. शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टर खुर्ची ओढून बसले. डॉक्टर खुर्चीवर बसला की समजावं, बोलणं लांबणार आहे.

जंतू आत थेट सळ्यांपर्यंत पोचले होते. मी विचारलं, म्हणजे हिवताप नव्हताच? ते म्हणाले, "होता. तुमच्या रक्तात दोन्ही होतं. हिवताप होता आणि हेही होतं. त्याच्या आड हे वाढत राहिलं."

हे ऐकून मला जे वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. पट्टी चुकली असती तर राग धरता आला असता. इथे खऱ्यानंच खऱ्याला झाकून ठेवलं होतं.

पुढे ते म्हणाले की मांसातले जंतू औषधानं मरतात, पण सळीवर बसलेले स्वतःभोवती बुळबुळीत थर धरतात आणि औषध त्या थराच्या आत जात नाही. विमल लगेच म्हणाली, "तळ्यातल्या गोट्यावर शेवाळ धरते तसं. कितीबी घासा, परत येते." डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच.

"मग गोटाच काढून टाका."

"आत्ता काढता येत नाही, ताई. हाड जुळलेलं नाही. सळ्या काढल्या तर मणका सरकेल. आपण धुऊन काढलंय, औषध चालू ठेवू आणि हाड जुळेपर्यंत यांना दाबून ठेवू. दाबून ठेवणं म्हणतोय, मारणं म्हणत नाही."

म्हणजे माझं चालणं त्या सळ्यांवर उभं होतं आणि मला गिळायला निघालेलं जे काही होतं तेही त्याच सळ्यांवर बसलेलं होतं. डॉक्टर गेल्यावर मी विमलकडे बघितलं नाही, तिनंही माझ्याकडे बघितलं नाही.

जखम उघडीच ठेवली होती. तिच्यात स्पंज भरून वरून चिकटपट्टी लावली होती आणि एक नळी खाटेखालच्या मशीनला जोडली होती. मशीन आतली घाण ओढून डब्यात टाकायचं. बशीतला चहा भुरकल्यासारखा आवाज यायचा त्याचा. मी जागा असलो की ते भुरकायचं, डोळा लागला तरी भुरकायचं. भेटायला आलेले लोक डब्याकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करायचे की त्यांना दुसरं काही बोलताच यायचं नाही. घरी परतल्यावर कित्येक दिवस मला तो आवाज ऐकू येत राहिला. एकदा मी विमलला म्हटलं, मशीन बंद कर. ती म्हणाली, "तुमचाच श्वास हाय तो."

सकाळी ड्रेसिंगची ट्रॉली यायची. तिचं एक चाक कुरकुरायचं. वऱ्हांड्याच्या टोकाला ती निघाली की वॉर्डातल्या सगळ्यांचे चेहरे बदलायचे. माझाही बदलायचा, पण चाकाचा आवाज ऐकून ड्रायव्हरचा जीवही तळमळायचा. मी ब्रदरला म्हटलं, भाऊ, थोडं ग्रीस लाव रे, बेअरिंग कोरडं पडलं. भला माणूस, त्यानं खरंच लावलं. दुसऱ्या दिवसापासून ट्रॉली गुपचूप यायला लागली. पडदा सरकायचा आणि ती एकदम समोर. आता भीतीला हॉर्नसुद्धा उरला नाही. वॉर्डातल्यांनी माझ्या नावानं बोटं मोडली आणि मी ती मुकाट्यानं ऐकून घेतली.

शेजारची खाट

शेजारच्या खाटेवर राजन्ना होता. सिरोंच्याकडचा सुतार, वयानं माझ्याहून थोडा मोठा. तेलुगू, हिंदी आणि आमची बोली मिसळून बोलायचा. दुखायला लागलं की फक्त "नोप्पी, नोप्पी" म्हणायचा. नोप्पी म्हणजे दुखणं, एवढं तेलुगू मी तिथेच शिकलो. त्याच्याही पाठीत सळ्या होत्या आणि त्याच्याही सळ्यांना जंतू लागले होते. फरक एवढाच की त्याचे स्क्रू हाडात ढिले झाले होते, म्हणून हाड जुळायच्या आधीच ते काढावे लागले.

जे माझं होऊ शकत होतं ते माझ्या शेजारीच झोपलेलं होतं. त्याला बसवायचं झालं तर आधी छातीपासून कमरेपर्यंत कडक पट्टा आवळायचे. पट्ट्याशिवाय तो बसू शकत नसे. पाय रोज थोडे जड व्हायचे. मी चोरून त्याच्या पायाच्या बोटांकडे बघायचो, हलतात का. आणि मग पांघरुणात माझी बोटं हलवून बघायचो. हे लिहायला लाज वाटते, पण मी तसं करायचो.

माणूस मात्र मजेदार होता. खाटेजवळचं कपाट बोटानं ठोकून म्हणाला, "यह सागवान नही. बोलते सागवान, पन भूसा हाय." आलापल्लीचं जंगल सागवानासाठी नावाजलेलं; तिथल्या माणसासमोर कोणी सागवानाची गोष्ट काढली की त्याला बरं वाटतंच. तुला घरी नेईन, पाट करून देईन, असं म्हणायचा.

एका सकाळी मला तपासणीला खाली नेलं होतं. परत आलो तर त्याच्या खाटेवर नवी चादर. मी विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "मुलं घेऊन गेली घरी." बरा होऊन गेला का, असं विचारल्यावर त्या माझं सलाईन तपासायला लागल्या. त्याचा पट्टा खुर्चीवर तसाच पडलेला होता.

त्याचा नंबर माझ्याकडे आहे. मी लावतो अधूनमधून, लागत नाही. तिकडे रेंज नसते, असं मी म्हणतो. विमलही म्हणते, रेंज नसते.

कोणावर तरी रागवायचं होतं

शांताबाई भेटायला आली. एसटीनं एवढ्या लांब आली आणि दारातच रडायला लागली. "भाऊ, मी तुमची पाठ पाहाले पाहिजे होती. मी बोटच पाहिलं." मी म्हटलं, बाई, तुझी पट्टी खरी होती, डॉक्टरनंच सांगितलं. हिवताप नसता तर तू मला स्वतः दवाखान्यात धाडलं असतं. तिनं डब्यात भाजी-भाकर आणली होती, प्रियाची खुशाली आणली होती. विमलनं डबा घेतला, पण तिच्याशी एक शब्द बोलली नाही. खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

शांताबाई गेल्यावर मी विमलवर चिडलो. आपली पोरगी तिच्या घरी जेवते, आणि हे वागणं?

विमल म्हणाली, "मले माहीत हाय ना तिची चूक नाई. तुमची बी नाई. पन मले कोनावर तरी रागवाचं हाय. तुमच्यावर रागावू का? तुमच्या पाठीले तं मोठं भोक हाय."

मग ती हसली आणि हसता हसता रडली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच रडत होती. तोवर मला वाटायचं, हिला काही वाटत नाही, ही आपली डबे धुते, औषधं आणते. आजारी माणूस फार आपमतलबी होतो. त्याला वाटतं, आजार एकट्या त्यालाच झालाय. पुढच्या रविवारी तिनं शांताबाईला स्वतः फोन केला आणि भाजीत मीठ कमी होतं म्हणून सांगितलं. त्यांचं तेवढ्यावर मिटलं.

ज्यांच्यासाठी लिहितोय त्यांना

मी डॉक्टर नाही, तेव्हा मोठ्या गोष्टी सांगणार नाही. पाठीचं ऑपरेशन झालं असेल तर रोज कोणाला तरी पाठ दाखवा. मोबाइलनं फोटो काढून ठेवा. ताप आला तर बोट जरूर टोचून घ्या, आमच्या भागात त्यात हयगय करू नका, पण दोन रेघा आल्या म्हणून डॉक्टरला करायचा फोन थांबवू नका. एका घरात दोन चोर शिरू शकतात. आणि घरातल्या बाईनं वासावरून काही सांगितलं तर तिची थट्टा करू नका.

ताप हा शब्द

जखम हळूहळू भरली. महिनोन्महिने गोळ्या घेतल्या. पाय शाबूत राहिला. आता मी डेपोत खिडकीशी बसून गाड्यांच्या वेळा सांगतो. वर्ष उलटल्यावर डॉक्टरांनी फोटो काढला आणि हाड जुळलं म्हणून सांगितलं. मी उठायला लागलो तर म्हणाले, बसा. रक्ताच्या तपासणीतला संसर्गाचा आकडा अजून थोडा वर होता आणि कमरेत एक जागा मधूनच कोमट लागायची.

आता सळ्यांची गरज उरलेली नव्हती. दोन वाटा होत्या. एक, सळ्या आतच ठेवून गोळ्या घेत राहायचं, कदाचित कायमच्या. दुसरी, पाठ परत उघडून सळ्या काढायच्या आणि शेवाळ गोट्यासकट बाहेर टाकायचं. त्यांचा कल दुसरीकडे होता. मी म्हटलं, बघू पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात परत म्हटलं, बघू. पाठ उघडायच्या नावानंच मला ते मशीन ऐकू यायचं आणि खुर्चीवरचा पट्टा दिसायचा.

घरात एक रीत पडून गेली होती. आंघोळीनंतर विमल पालथ्या हातानं माझी पाठ चाचपायची. लांबून बघणाऱ्याला वाटेल, काय प्रेम आहे या वयात. प्रेम होतंच, पण ती ताप बघायची. बनियन धुण्याआधी नाकाशी न्यायची. ताप हा शब्द आम्ही घरात उच्चारायचं सोडून दिलं होतं. प्रियाला कणकण आली तर ती आईच्या कानात सांगायची. मला शिंक आली तरी सगळे हातातलं काम थांबवायचे. मला हे कळत होतं, पण मला वाटायचं, माझ्यासाठीच तर आहे हे सगळं.

यंदा परत धान पोटरीला आलं. एका दुपारी जेवायला घरी आलो. विमल चुलीपुढे बसली होती, उकाड्यात, अंगावर शाल. तिनं पाण्याचा पेला पुढे केला आणि माझा हात तिच्या बोटांना लागला. बोटं भाजत होती.

"कधीपासून?"

"काई नाई. झाले तीन-चार रोज."

"काऊन नाई सांगितलं?"

ती चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "ताप म्हटलं की तुमचं तोंड कसं होते ते तुमाले नाई दिसत. मले दिसते. म्हटलं, आपोआप उतरला तं बरं."

मी धावत, म्हणजे माझ्या पाठीला जमेल तसं धावत, शांताबाईला घेऊन आलो. पट्टीवर दोन रेघा उठल्या. शांताबाईनं तिला इतकं झापलं की मला मधे पडावं लागलं. "चार रोज? अवो, हा डोक्यात चढते. डोक्यात चढल्यावर गाडी चंद्रपूरले पोचेपर्यंत मानूस राहते का?" विमल गोळी गिळून भिंतीला टेकली. तिचे ओठ पांढरे पडले होते. माझ्या पाठीतलं जे निजलेलं होतं ते मला न मारता तिला मारून गेलं असतं, आणि मी दारात बसून रक्ताच्या आकड्याची चिंता करत राहिलो असतो.

तिला झोप लागल्यावर मी ओट्यावर आलो आणि चंद्रपूरला फोन लावला. सळ्या काढायच्या आहेत, डॉक्टरांना माहीत आहे, लवकरची तारीख द्या, असं सांगितलं. आवाज बरा निघाला.

तिकडून बाईंनी विचारलं, "पेशंटचं नाव?"

"विमल," मी म्हणालो.

तिकडे नाव टाइप झाल्याचा आवाज आला. चुकलं हे मला लगेच कळलं होतं, तरी दुरुस्त करायला मला थोडा वेळ लागला.